सरस्वतीचे राखणदार : तंजावरचे सरफोजी महाराज

गेल्या चातुर्मासाच्या आरंभी देवळाच्या ओवरीतील जुनी सागवानी पेटी हलविण्याचा प्रसंग आला. भिंतीतून पावसाचे पाणी झिरपू लागले होते. पेटीत तांबड्या फडक्यांत बांधलेल्या अकरा पोथ्या आणि मोडी कागदांचे एक बाड निघाले. तीन पोथ्यांस कसर लागली होती; एकीची पाने तर एकमेकांस चिकटून तिची जणू वीटच झाली होती. आमच्या घरी पूर्वापार रीत अशी की, पोथी जीर्ण होऊन वाचनाच्या उपयोगाची राहिली नाही म्हणजे तिला हळदकुंकू वाहून नदीच्या स्वाधीन करावी. त्याप्रमाणे तीर्थरूपांनी एकादशीचा दिवसही ठरविला. योगायोग असा की, त्याच सुमारास दक्षिणेकडचे एक वृद्ध कीर्तनकार बुवा देवळात मुक्कामास होते. त्यांनी ते बाड मांडीवर घेतले, दुपारभर पान न् पान पाहिले, आणि यांपैकी दुसऱ्या कोणाच्या घरी आढळणार नाही अशी एखादी पोथी आहे काय, याची चौकशी तुम्ही केली आहे काय, असे तीर्थरूपांस विचारले. अशी चौकशी आमच्यापैकी कोणीच केली नव्हती. मग बुवांनी तंजावरच्या सरफोजी महाराजांची गोष्ट काढली. त्या दुपारी ऐकलेले आणि पुढे जमेल तसे वाचून ताडून घेतलेले ते चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास कावेरीकाठच्या तंजावर येथे आपली गादी स्थापन केली, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पुढे काय झाले ते मात्र शाळेच्या पुस्तकात एक-दोन ओळींत आटोपते. वास्तविक भोसल्यांचे हे घराणे तेथे पावणेदोनशेहून अधिक वर्षे नांदले. तमिळ प्रजा, तेलुगू भाषेचा दरबारी मान, संस्कृत पंडितांचा राबता आणि घरात मराठी, असा तो चौरंगी संसार होता. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी १७०० च्या आसपासच्या काळात मराठी नाटके रचली. ज्या सांगलीत १८४३ साली मराठी रंगभूमीचा जन्म झाला असे आपण मानतो, तिच्या सुमारे दीडशे वर्षे आधी कावेरीच्या काठी मराठी नाटक लिहिले जात होते. ही गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या नाटकांची हस्तलिखिते तंजावरच्या ग्रंथालयात शिल्लक राहिली. ती कोणा भाविकाने कावेरीच्या स्वाधीन केली असती, तर आपण मराठी नाटकाचे वय दीडशे वर्षांनी कमीच धरीत राहिलो असतो.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना पुत्रसंतान उरले नव्हते. त्यांनी १७८७ च्या आरंभी या मुलास दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत ते निवर्तले. मुलाचे वय त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तविधानास हरकत घेतली. कंपनी सरकारने पंडितांची मते मागविली, ती दत्तकाविरुद्ध पडली, आणि अमरसिंह गादीवर बसले. आमच्यासारख्या पुरोहित घरातील वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. शास्त्रार्थ हा पोथीतून निघतो. पण पोथी कोणी उघडली आणि कोणाच्या सांगण्यावरून उघडली, यावरही तो अवलंबून असतो. दहा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात आला, तेव्हा दत्तक सशास्त्र ठरला.

मधली दहा वर्षे सरफोजींनी कशी काढली हे वाचताना मन विषण्ण होते. राजवाड्यात त्यांना जवळजवळ कैदेत ठेवलेले होते. उजेड नाही, शिक्षणाची सोय नाही. तुळजाजींनी मृत्यूपूर्वी या मुलाचा सांभाळ श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन पाद्र्यावर सोपविला होता. त्या सत्पुरुषाने कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे खेटे घालून मुलाची सुटका करविली आणि १७९३ साली त्यास मद्रासेस हलविले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या पाद्र्याने त्यास इंग्रजी व पाश्चात्य विद्या शिकविल्या. सरफोजी पाद्र्यांच्या हाताखाली वाढले, तरी त्यांनी आपला धर्म सोडला नाही, आणि गुरूही विसरले नाहीत. श्वार्ट्‌झ यांचे निधन १३ फेब्रुवारी १७९८ रोजी, म्हणजे शिष्यास गादी मिळण्याच्या थोडेच आधी झाले. पुढे सरफोजींनी इंग्लंडातील प्रसिद्ध शिल्पकार फ्लॅक्समन याजकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून आणले. तंजावरच्या चर्चमध्ये ते आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरून उभा असलेला राजा त्यात कोरलेला आहे.

२९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. येथे एक कटू सत्य सांगणे भाग आहे. ही गादी त्यांना तलवारीने मिळाली नव्हती. ती कंपनीने दिली होती, आणि कंपनी फुकट काही देत नसे. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचे राज्य कंपनीच्या हाती गेले. महाराजांकडे राहिले ते फक्त तंजावरचा किल्ला व त्याच्या आसपासचा प्रदेश, वर्षाला एक लक्ष होन नेमणूक आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. वय बावीस वर्षांचे. पुढे १८०३ साली शिंदे व नागपूरकर भोसले असईस लढले, १८१८ साली पेशवाई बुडाली. त्या धुमश्चक्रीत तंजावरचे नाव कोठेही नाही. त्यामुळे सरफोजींना कंपनीचे अंकित म्हणून बाजूस सारणारे लोक आहेत. आम्हांस त्यांचा राग समजतो. परंतु सैन्य नाही, खजिना मोजका, कारभार दुसऱ्याचा, अशा स्थितीत राजवाड्यात बसलेल्या तरुणाने नाचगाण्यात व शिकारीत आयुष्य घालविले असते तरी कोणी विचारणारे नव्हते. त्याच सुमारास हिंदुस्थानात असे नेमणूकदार राजे थोडे नव्हते.

राज्य देताना त्यांनी एक गोष्ट मात्र आग्रहाने मागितली, ती म्हणजे छत्रे. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांच्या पूर्वजांनी वाटेवर अन्नछत्रे बांधली होती. जात-पंथ न विचारता तेथे अन्न मिळे. आजाऱ्यास औषध मिळे. काही ठिकाणी मुलांस विद्याही मिळे. ही छत्रे आपल्याच हाती राहावीत अशी विनवणी त्यांनी कंपनीस केली आणि ती मान्य झाली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांनी स्वतः उभारले. तेथे अन्नाबरोबर पाठशाळाही चाले.

आता मुख्य विषयाकडे वळू. राजवाड्यात नायक राजांच्या काळापासून चालत आलेले एक सरस्वती भांडार होते. भोसले राजांनी त्यात भर घातली होती, पण ती राजाच्या लहरीप्रमाणे. सरफोजींनी ते काम आयुष्याचे व्रत म्हणून अंगीकारले. त्यांनी पंडित नेमले, नकला करणारे लेखक नेमले, आणि जी पोथी विकत मिळत नसेल तिची नक्कल करून घेण्याचा परिपाठ घातला. भांडारातील संस्कृत ग्रंथ एकाच लिपीत नाहीत. देवनागरी, ग्रंथ, तेलुगू, नंदिनागरी, मल्याळम, बंगाली अशा नाना लिप्यांत ते लिहिलेले आहेत. म्हणजे हिंदुस्थानच्या किती कोपऱ्यांतून ते तेथे पोहोचले असतील, याची कल्पना यावी.

१८२० साली महाराज काशीयात्रेस निघाले. बरोबर सुमारे तीन हजार माणसांचा तांडा होता. त्या काळी तंजावरहून काशी म्हणजे कित्येक महिन्यांचा प्रवास. यात्रा आटोपून परतण्यास दीड-दोन वर्षे लागली. यात्रेकरू काशीहून गंगाजल आणतात. महाराजांनी गंगाजलाबरोबर ग्रंथही आणले. मुक्कामामुक्कामावर जुन्या ग्रंथांची चौकशी करीत, विकत घेत, नकला करवीत ते परतले. काशीच्या घाटांची व देवळांची चित्रेही त्यांनी काढवून घेतली; ती आजही तंजावरच्या संग्रहात आहेत. आमचे बुवा सांगताना येथे हसले आणि म्हणाले की, एवढ्या मोठ्या यात्रेत पुण्य किती मिळाले ते चित्रगुप्त जाणे, पण पोथ्या किती मिळाल्या ते यादीत पाहता येते.

येथे पोथी राखणे म्हणजे काय याचा थोडा विस्तार करतो, कारण सभासद कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी देवघराच्या फळीवर एखादे बाड असेलच. दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरतात आणि मग त्यात काजळी भरतात, तेव्हा ते दिसू लागते. पत्र सुकले की तडकते. म्हणून अधूनमधून त्यास गवती चहाच्या जातीचे तेल चोळतात. त्याने पत्र लवचीक राहते आणि किडाही दूर राहतो. कागदी पोथीस तेल चालत नाही. तिच्या वर-खाली लाकडी फळ्या देऊन कापडात घट्ट बांधतात. सैल बांधलेल्या पोथीत हवेतील दमट आत शिरते आणि कसर होते. जुने लेखक पोथीच्या शेवटी तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून आपल्या लेखनास जपण्याची विनंती करीत, ती काही अलंकार म्हणून नव्हे. तंजावरच्या ग्रंथालयात परंपरेने एक चूर्ण वापरतात. त्यात वेखंड, कलौंजी, मिरी, लवंगेची साल व दालचिनी ही कुटून कापूर मिसळतात, आणि त्याच्या पुरचुंड्या पोथ्यांमध्ये ठेवतात. यांतील बहुतेक जिन्नस आपल्या स्वयंपाकघरात किंवा वाण्याच्या दुकानी सहज मिळणारे आहेत. आमच्या पेटीत आता तशाच पुरचुंड्या आहेत.

सरफोजी केवळ जुन्याचे संग्राहक होते असे कोणी समजू नये. १८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी टाइपांचा छापखाना घातला आणि त्यातून ईसापच्या कथांचे मराठी भाषांतर छापून काढले. मराठी मुद्रणाची ती अगदी पहिलीवहिली वर्षे होत. मुलांना भूगोल कळावा म्हणून त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाची मराठी रचना केली. तमिळ देशातील कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीचे गाणे-नृत्य. महाराजांची ही कुरवंजी मात्र खंडे, देश आणि समुद्र यांचे वर्णन सांगते. पृथ्वीचा गोल शिकविण्यास गावोगाव फिरणाऱ्या बाईपेक्षा चांगला शिक्षक कोण, हा विचार आम्हांस फार रम्य वाटतो.

धन्वंतरी महाल हे त्यांचे दुसरे मोठे कार्य. तेथे वैद्य, हकीम आणि पाश्चात्य डॉक्टर यांची औषधे एकाच छताखाली तपासली जात. गुणास आलेल्या औषधांचे पाठ तमिळ पद्यांत बांधून ठेवले, कारण पद्य पाठ राहते. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून त्यांबरोबर उपचाराची नोंद ठेवलेली आहे. स्वतः महाराजांचा संग्रह सुमारे साडेचार हजार छापील पुस्तकांचा होता. त्यांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतील पुस्तके होती आणि त्यांवर त्यांची इंग्रजी सही आढळते. १८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा यजमानाची विद्वत्ता पाहून ते चकित झाले.

देवळांच्या बाबतीतही त्यांची दृष्टी अशीच होती. राजराज चोळ याने बांधविलेले आणि १०१० साली पूर्ण झालेले बृहदीश्वराचे प्रचंड देऊळ तंजावरास आहे. सरफोजींनी त्याची डागडुजी व धार्मिक विधी करविले, आणि १८०३ साली त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. मजकूर दरबारचे चिटणीस बाबूराव यांनी सिद्ध केला. एवढा प्रदीर्घ मराठी शिलालेख दुसरा नसावा. चोळांच्या तमिळ लेखांनी भरलेल्या देवळात मराठी लेख कोरविणे यात राजघराण्याचा अभिमान होता हे खरे. पण जुन्या लेखांच्या जागी हा कोरविला नाही, त्यांच्या शेजारी कोरविला, हे आम्ही विसरू शकत नाही. राज्य गेल्यानंतर चारच वर्षांनी कुळाचा इतिहास दगडावर लिहविणाऱ्या त्या पंचविशीतल्या राजाच्या मनात काय असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा.

७ मार्च १८३२ रोजी महाराज कैलासवासी झाले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ साली पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. राजवाड्यावर जप्ती आली. राणी कामाक्षीबाई यांनी थेट विलायतेपर्यंत दावा नेला. १८५९ साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. पुढे मालमत्तेचा बराच भाग घराण्यास परत मिळाला खरा, परंतु जी पोथी-शाळा त्या गोंधळात लिलावात निघाली असती किंवा गाड्यांवर लादून दूरदेशी गेली असती, ती जागची हलली नाही, हे केवढे भाग्य! तंजावरचे न्यायाधीश बर्नेल यांनी संस्कृत ग्रंथांची वर्गवार यादी केली; ती १८८० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरच्या पंडितांना या ठेव्याचा पत्ता लागला. १९१८ साली ग्रंथालय सार्वजनिक झाले. आज तेथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत ३९ हजारांवर, तर मराठी सुमारे ३ हजार. आता ते ‘तंजावर महाराजा सरफोजी सरस्वती महाल ग्रंथालय’ म्हणून ओळखले जाते. म्हणजे ज्या राजाच्या नावावर राज्य उरले नाही, त्याच्या नावावर ग्रंथालय आहे.

सगळ्याच पोथ्या राजांनी जमविलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जंबुनाथ भट्ट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा तंजावरातील मराठी घराण्यांचे खासगी संग्रह पुढे या भांडारात येऊन मिळाले. ही घरे तुमच्या-आमच्यासारखीच. पूजा-अर्चा, पुराण, कीर्तन यांवर चालणारी. वडिलार्जित पोथ्या परक्या कपाटात ठेवण्यास त्यांच्याही घरातील वृद्धांचे मन सहज तयार झाले नसेल. आमच्या तीर्थरूपांचेही झाले नाही. एकादशीचा बेत रहित झाला तो केवळ बुवांच्या शब्दाखातर. त्यावर घरात दोन दिवस अबोला होता. पुढे एका रविवारी तीर्थरूप स्वतःच चष्मा लावून पेटीपाशी बसले आणि पोथ्यांची यादी लिहू लागले. अकरांपैकी आठ पोथ्यांचा उलगडा झाला आहे. त्यांत पांडवप्रतापाचे सुटे अध्याय, दोन मुहूर्तग्रंथ, एक व्रतकथांचे बाड असे आहे. विटेसारखी चिकटलेली पोथी अद्याप तशीच ठेवली आहे. ती घाईने उलगडू नये, असे जाणत्यांनी सांगितले.

मोडी बाडातील एक कागद देवळाच्या नंदादीपाच्या तेलासंबंधी असावा असे दिसते, पण पुढचे अक्षर आम्हां कोणास लागत नाही. सभासद कुटुंबांत मोडी वाचणारे वडीलधारे कोणी असतील, त्यांनी कृपा करून कोणत्याही दिवशी सायंकाळच्या आरतीनंतर ओवरीत यावे. पेटी आता कोरड्या भिंतीस आहे.